गल्लीची रुंदी

चौदा एप्रिलला सकाळी ठाण्यात
गेलेल्या जवानांना सलामी दिली
आणि निळ्या पताकांच्या खालून, शिडी सांभाळत,
तांडापेठेत आलो.
आमचा सप्ताह याच दिवशी सुरू होतो.
लांब कुठेतरी ढोल चालू होते.

गाडी चौकातच थांबली. थांबणारच होती.
मी खिशातून टेप काढला,
एक टोक एका पोट्ट्याच्या हाती दिलं:
धर भिंतीला, हलू नको.
गल्ली दहा फूट.
कूलरचे स्टँड दोन्हीकडून दीड-दीड,
उरले सात.
गाडी आठ फूट दोन इंच.
सगळं खडूनं रस्त्यावरच लिहिलं.
वजाबाकी कोणाला येत नाही?

"म्हणजे तुमी येणारच नाही का जी?"
गिरजाबाई हेडाऊ, मागाच्या खोलीतून
अर्ध्या बाहेर.
येणार, मी म्हटलं. पायी येणार,
पाइपाला पाइप जोडत.
तोवर दहा-बारा मिनिटं
इथली फायर ब्रिगेड तुम्हीच.

मग अर्ध्या कापलेल्या ड्रमात डिझेल ओतून
जाळ केला.
बेचाळीस अंशांचं ऊन, त्यात हा जाळ,
बाया भिंतीच्या सावलीत सरकत गेल्या.
कोण विझवतं?
सातवीतली एक मुलगी आली, पायात स्लिपर.
नाव काय गं?
"रोहिणी निखारे."
अख्खी गल्ली हसली.
नक्षत्र उन्हाचं, आडनाव चुलीतलं;
मलाही आवरलं नाही.
पिन ओढ. नळी घट्ट धर.
शेंड्यावर नाही, बुडावर मार,
जाळाचं सगळं बळ बुडात असतं.
पांढरा ढग खाली बसला तेव्हा
तिच्या पापण्या आजीबाईसारख्या पिकल्या होत्या.
"एवढंच?" ती म्हणाली.

एवढंच.
कढई पेटली तर पाणी नाही, झाकण.
सिलिंडरवर ओलं गोणपाट,
आणि कूलरमध्ये पाणी भरताना
आधी प्लग काढायचा.
"प्लग काढला का पोट्टे बोंबलतात ना साहेब."
बोंबलू द्या.
कपडे पेटले तर धावायचं नाही, लोळायचं.
बावन्न वर्षांचा मी, युनिफॉर्ममध्ये,
तापल्या डांबरावर लोळून दाखवलं.
पुन्हा हसले. हसू द्यावं.
हसत पाहिलेलं माणूस लवकर विसरत नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी याच गल्लीत
आठ पाइप जोडून मी धावलो होतो.
ते कार्यक्रमात सांगत नाही.
डाव्या हाताचं तिसरं दार
आता हिरवं रंगवलंय.
गिरजाबाई त्या दाराकडे बघत होत्या,
मी टेप गुंडाळत होतो.
टेप बराच वेळ गुंडाळला.

ठाण्याच्या वहीत लिहिलं:
प्रात्यक्षिक, एक. उपस्थिती, साठ.
पावडर संपली, एक नग.
लागलेल्या आगींना पुढे पानंच्या पानं आहेत;
न लागलेलीला रकाना नाही.

नवतपा लागला. भर दुपारी
लकडगंजहून परतताना, अंगाला लाकडाच्या धुराचा वास,
ड्रायव्हरला म्हटलं, जरा चौकात थांबव.
उतरलो. गल्लीत माणूस नाही,
फक्त कूलरांची घरघर.
हिरव्या दाराचा स्टँड गेला होता,
कूलर आत, खिडकीशी.
गिरजाबाईंचाही आत.
मोजले. अकरापैकी चार.
गाडी अजून जात नाहीच.

खडू केव्हाच पुसला गेला असणार.
पण कोपऱ्याच्या भिंतीवर
कोणीतरी गेरूनं लिहून ठेवलं होतं,
शाळेतलं गोल, तिरकं अक्षर:
गल्ली १० फूट.
गाडी ८ फूट २ इंच.
आणि खाली, दोनदा खोडून सुधारलेलं,
अजून ७ घरं.